दुःख सांगावे की झाकावे?

गेल्या कार्तिकातील गोष्ट. एकादशीचे भजन आटोपून रात्री साडेदहाच्या सुमारास मी घरी परतलो. टाळ खुंटीला लावला आणि पाणी पिणार तोच माडीवरच्या खोलीतून ढोलासारखा ठोका ऐकू आला. त्यावर कोणी गात नव्हते. भराभर बोलत होते. आवाज ओळखीचा होता. माझ्या दिवंगत पुतण्याचा मुलगा, वय वर्षे एकोणीस. मोबाईलवर ताल लावून तो आपल्या अहिराणीत काही म्हणत होता. मी जिन्यात थांबून ऐकू लागलो आणि माझे पाय तिथेच खिळले. तो आपल्या बापाच्या मरणाचे बोलत होता.

माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी गेला. कापूस हातचा गेला होता, देणे वाढले होते, आणि त्याने आपले आयुष्य आपणच संपवले. आम्ही गावात सांगितले, झोपेत अटॅक आला. पै-पाहुण्यांनाही तेच सांगितले. पुढे घरातही तेच बोलू लागलो. पोराने ते सगळे त्या ठोक्यावर उघडे करून ठेवले होते. किती देणे होते, व्याज किती, शेवटच्या रात्री बाप जेवला नाही आणि त्याला कोणी विचारले नाही, हे सगळे. एका सावकाराचे नाव घेऊन शिवीही होती.

मी रागाने वर गेलो. म्हणालो, "बापाला चव्हाट्यावर आणतोस? लाज नाही वाटत?" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही तुकोबानं दुख गातस. मी मन्हं गाऊ नको का?"

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मापाडी म्हणून माझी उभी हयात गेली. कोणते पोते किती भरेल हे हाताला कळते. पण या प्रश्नाचे वजन मला त्या रात्री करता आले नाही. चाळीस वर्षे टाळ धरून जे गात आलो, त्याचा अर्थ एका पोराने मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून जे काही चिंतन झाले, ते वाचक माऊलींच्या पायाशी ठेवतो.

प्रथम पूर्वपक्ष मांडतो, कारण तो माझाच होता. आपली रीत सांगते की दुःख झाकावे. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातले घरात राहावे. शिवाय परमार्थात 'मी' हाच शत्रू. मग 'माझे दुःख, माझे घर, माझा बाप' असे ओरडून सांगणे हा अहंकारच नाही का? आणि हे 'रॅप' नावाचे प्रकरण तर अहंकाराचा बाजार. त्यात शिव्या, नशेच्या गोष्टी, सोन्याच्या साखळ्या. अशा गोष्टीशी अभंगाची तुलना तरी कशी करावी?

आता हे रॅप म्हणजे काय ते मी पोराकडूनच समजून घेतले. याचा उगम अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स या गरीब भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने तिथल्या एका इमारतीत जो नाचगाण्याचा कार्यक्रम केला, तो या परंपरेचा जन्मदिवस मानतात. आरंभी ती करमणूकच होती. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे 'द मेसेज' नावाचे गाणे आले. त्यात वस्तीतली घाण, बेकारी आणि कोंडमारा यांचे वर्णन होते. तेव्हापासून आपल्या गल्लीची आणि आपल्या जगण्याची गोष्ट आपल्याच तोंडाने सांगणे हा या गाण्याचा मुख्य धर्म झाला. वाद्य नको, गुरुगृही राहून रागदारी शिकणे नको. ताल, शब्द आणि सांगण्यासारखे काही असले की पुरे.

ते लोण आपल्याकडेही आले. २०१९ मध्ये 'गली बॉय' हा चित्रपट निघाला, तो मुंबईच्या वस्त्यांतील डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांच्या जीवनावरून सुचलेला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा अल्ताफ शेख हा 'एमसी स्टॅन' या नावाने वस्तीतल्या गरिबीची गाणी करीत मोठा झाला आणि २०२३ मध्ये 'बिग बॉस'चा विजेता ठरला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१०० आरबीएच' या नावाने मराठीत रॅप करतो. त्यांच्या सगळ्याच गाण्यांची भाषा माळकऱ्याच्या कानाला सोसवेल असे नाही. ते मी लपवीत नाही. पण एक गोष्ट पाहून मी चकित झालो. हे रॅपर गाण्यात आपले नाव घालतात. कडव्याच्या शेवटी किंवा आरंभी आपली ओळख देतात, म्हणजे हे सांगणारा कोण ते ऐकणाऱ्याला कळावे. आपण त्याला नाममुद्रा म्हणतो. नामदेवांपासून निळोबांपर्यंत प्रत्येक संताने ती उमटवली आहे.

आता उत्तरपक्ष. पोराने तुकोबारायांचे नाव घेतले, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

जगद्गुरु तुकोबारायांचा आत्मचरित्रपर अभंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकला आहे. त्यात त्यांनी काय सांगितले आहे? आपली जात सांगितली. वडिलोपार्जित व्यवसाय सांगितला. आईबाप गेल्यावर संसाराने कसे गांजले ते सांगितले. १६३० च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, आणि बायको अन्न अन्न करीत मेली, हेही सांगितले. मला लाज वाटली, व्यापार बुडाला, हेही सांगितले. विचार करा, माऊली. महाजनकी असलेल्या घरातला पुरुष चारचौघांत सांगतो की माझ्या घरात माझी बायको भुकेने मेली. आम्ही तर 'अटॅक' म्हणून मोकळे झालो.

पण तीन गोष्टी तिथे आणखी आहेत, आणि त्या मला आजवर नीट दिसल्या नव्हत्या.

पहिली अशी की हे तुकोबांनी आपण होऊन सांगितले नाही. स्वतःविषयी बोलू नये ही मर्यादा त्यांना ठाऊक होती आणि तसे ते बोलूनही दाखवतात. संतांनी विचारले, म्हणून सांगितले. म्हणजे आधी कोणीतरी आस्थेने विचारणारा होता.

दुसरी अशी की ज्यांच्यामुळे कवित्वावर आघात झाला आणि वह्या बुडवाव्या लागल्या, त्या कोणाचेही नाव तिथे नाही. आघात झाला एवढेच आहे. जखम सांगितली, पण तिचा दगड करून कोणाला मारला नाही.

तिसरी अशी की सांगणे दुःखापाशी थांबत नाही. दुःखातून देवाच्या दारी आणि तिथून समाधानाकडे असा तो प्रवास आहे. ऐकणाऱ्याला तो दुःखात सोडून जात नाही. हात धरून पुढे नेतो.

तुकोबाराय एकटेच नव्हेत. त्यांच्या शिष्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपले अवघे जीवन अभंगांत सांगितले, आणि भजनकीर्तनासाठी नवऱ्याचा मार खावा लागला हेही त्यात झाकले नाही. चोखोबांनी विटाळाच्या वेदनेचा जाब प्रत्यक्ष देवाला विचारला. जनाबाईंनी दासीपणाचे कष्ट देवाला सांगता सांगता त्यालाच दळायला बसवले. यांच्या तोंडचा 'मी' हा मिरवणारा नाही, मोकळा होणारा आहे. मिरवणाऱ्या 'मी'ला समोरचा लहान दिसावा असे वाटते. मोकळ्या होणाऱ्या 'मी'मध्ये समोरच्याला आपलेच दुःख दिसते. तुकोबांचे वाचून आज माझ्या पुतण्यासारख्या कर्जबाजारी माणसाला आपली गोष्ट दिसावी, हेच त्याचे प्रमाण.

नवविधा भक्तीत नववी भक्ती आत्मनिवेदन. शास्त्रात तिचा अर्थ स्वतःला संपूर्ण अर्पण करणे असा आहे, केवळ आपली कहाणी सांगणे असा नव्हे, हे मला मान्य. पण जे आपल्यापाशी आहे तेच अर्पण होते. ज्याच्यापाशी दुःखच आहे, त्याने दुःखावर फडके झाकून देवाला काय द्यावे? संतांनी आधी ते फडके काढले.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते थोडे पाहू. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले, काहींना साध्या किरकोळ विषयांवर. क्लेश लिहिणाऱ्यांचे मन त्या दिवशी उलट जड झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिले होते, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या. मनात दुःख नुसते घोंघावत असते. त्याला आगापिछा नसतो. शब्दांत उतरवताना त्याला क्रम लागतो, आरंभ लागतो, आणि माणसाला ते हातात धरून पाहता येते. आम्ही बाजारात विस्कटलेली मिरची पोत्यात भरल्याशिवाय तोलू शकत नाही, तसेच हे.

दुसरे उदाहरण रॅपचेच. लॉजिक नावाच्या अमेरिकन रॅपरने २०१७ मध्ये एक गाणे काढले. त्याचे नाव म्हणजे तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा तेव्हाचा दूरध्वनी क्रमांकच. गाण्यात आधी जगणे नकोसे झालेला माणूस बोलतो, मग फोनवर त्याचे ऐकून घेणारा बोलतो, आणि शेवटी तो पहिला माणूस जगण्याकडे वळतो. २०२१ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गाण्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या दिवसांत मदतवाहिनीला अपेक्षेपेक्षा ९,९१५ दूरध्वनी अधिक आले, आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या, असा अंदाज संशोधकांनी मांडला. हे सगळे गाण्यामुळेच झाले असे ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी बरोबर घडल्या एवढेच अभ्यास सांगतो. तरी पण त्या गाण्याची रचना पाहा. त्यात ऐकणारा आहे, आणि शेवट दुःखात नाही. तुकोबांच्या अभंगात जे पाहिले तेच इथे.

मग रॅप करणाऱ्या प्रत्येक पोराला डोळे झाकून मान डोलवावी काय? नाही. धोका आहे आणि तो सांगितला पाहिजे. एकच जखम रोज उकरली तर ती भरत नाही. दुःख सांगितल्यावर हजार लोक वाहवा करू लागले, की दुःख सोडवत नाही. ते भांडवल होते. मोबाईलवर किती जणांनी पाहिले याचा आकडा दिसतो, पण पाहणारा डोळे पुसतो की हसतो ते दिसत नाही. आणि मरणाचे वर्णन असे रंगवले की दुसऱ्या दुःखी जिवाला तोच मार्ग दिसावा, तर ते पाप आहे. म्हणून प्रश्न 'सांगावे की झाकावे' एवढाच उरत नाही. कोणापुढे सांगावे, आणि सांगून कुठे पोहोचावे, हा खरा प्रश्न आहे.

इथे मला आपल्या खानदेशची माय आठवते, आदिशक्ती मुक्ताई. तापीकाठी मेहूणला ती विजेच्या कल्लोळात गुप्त झाली. कोथळीहून तिची पालखी दरवर्षी पंढरीची लांब वाट चालते. ताटीच्या अभंगांची कथा आपण जाणतो. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानोबा माऊली झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्यांच्या मुखातून ज्ञानेश्वरी आली त्या ज्ञानियांच्या राजालाही एके दिवशी दार लावून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट परंपरेने झाकली नाही, जपून ठेवली. आणि दाराबाहेर कोण उभे राहिले? धाकटी बहीण. तिने दार मोडले नाही. काय एवढे झाले, असे म्हणून दुःख धुडकावले नाही. निघूनही गेली नाही. आपल्या भावाला तो कोण आहे याची आठवण देत ती बाहेर उभी राहिली, दार उघडेपर्यंत.

माझ्या पोराने दार लावून घेतले नव्हते, उलट ते उघडले होते. आणि मी जिन्यावरून चढून ते बंद करायला निघालो होतो.

आणखी एक विचार रात्रंदिवस मनात येतो. आपल्या आयाबहिणींपाशी जाते होते. पहाटे दळताना सासुरवास, माहेरची ओढ, मेलेले लेकरू, सगळे त्या ओव्यांत ओतत. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी तरुणपणी विधवा झाल्या. घरोट ओढता ओढता त्यांना गाणी सुचत, मुलाने ती टिपून ठेवली, आणि त्यांच्या मरणानंतर १९५२ मध्ये ती छापली गेली. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, फार चांगले झाले. पण सांगण्याची जागाही गेली. आणि पुरुषाला तर जाते कधी नव्हतेच. त्याने पारावर पिकाचे बोलावे, भावाचे बोलावे, राजकारणाचे बोलावे. पोटातले बोलू नये. माझा पुतण्या भजनाला येत असे. माझ्या शेजारी उभा राहून टाळ वाजवी. तुकोबांच्या दिवाळ्याचा अभंग आम्ही दोघांनी एका सुरात म्हटला आहे. त्याचेही तेच चालले होते, आणि मी त्याला एकदाही विचारले नाही. संतांनी तुकोबांना विचारले. मी शेजारच्या टाळकऱ्याला विचारले नाही.

हे लिहिताना हात थांबतो. पण पोराला जे सांगू दिले, ते मी झाकणे बरे नव्हे.

पुढे काय झाले ते सांगून संपवतो. चार दिवसांनी मी पोराला म्हणालो, ही गोष्ट तुझी आहे तशी तुझ्या आईचीही आहे. तिला विचारल्याशिवाय जगाला ऐकवू नकोस. तो आईकडे गेला. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हन. पन मन्हा समोर म्हन." त्याने म्हटले. तवा तापून धुरू लागला तरी ती उठली नाही. सगळे ऐकून झाल्यावर पदराने तोंड पुसले आणि एवढेच बोलली, "शिवी काढ. बाप ठेव."

तुकोबांच्या अभंगातली जी गोष्ट कळायला मला चाळीस वर्षे लागली, ती त्या माऊलीने चार शब्दांत सांगितली. पोराने शिवी काढली, सावकाराचे नाव काढले. व्याजाचा आकडा मात्र तसाच ठेवला; अन्याय झाला तो झालाच, आणि चोखोबांची लेकरे आपण, जाब विचारायला लाजण्याचे कारण नाही. शेवटी त्याने दोन ओळी नव्या जोडल्या. त्यात एक माणूस दुसऱ्याला विचारतो, जेवलास का.

त्याने सगळे दुःख संपले, असे मी म्हणणार नाही. त्याला रात्री अजून झोप लागत नाही. त्यासाठी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेतो, आणि त्यात लाज नाही हेही आता घरात मोठ्याने बोलतो. गाणे औषधाची जागा घेत नाही, औषध गाण्याची घेत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली आहे असेच धरले आहे. मग आपण वैष्णवांनी त्याच्या घराकडे बोट का दाखवावे? सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. दिंडीच्या वहीत विणेकऱ्याच्या क्रमांकाखाली तो लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आणि दुसरी विनंती अशी. येत्या एकादशीला भजन संपल्यावर टाळ पिशवीत घालण्याआधी शेजारच्याकडे एकदा पाहावे. बरा आहेस ना, असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तो लगेच बोलेलच असे नाही. मुक्ताईलाही दारात उभे राहावे लागले होते.

कार्तिकातल्या त्या रात्री पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला उशिरा दिले. म्हणालो, "गा बेटा. मी ऐकतो." आता एकादशीला भजनाहून आलो की मी माडीवर जातो. त्याचा ठोका मला अजून नीट कळत नाही. पण टाळकऱ्याचा हात आहे. दोन-तीन वेळा ऐकल्यावर मांडीवर आपोआप पडू लागतो.

रामकृष्णहरी.